थंडीत ट्रेमधलं बी उगवत नाही, खालून ऊब दिली तरी नाही : नेमकं कुठं अडतंय

दर डिसेंबरला तेच ऐकू येतं. मिरचीचं बी टाकून तीन आठवडे होत आले, ट्रे अजून भुंडाच. नाहीतर मधल्या ओळी मस्त आल्या आणि कडेच्या सगळ्या रिकाम्या. नाहीतर उगवलं सगळं पण चार दिवसांत रोपं लांबुळकी होऊन आडवी पडली. आणि हे सांगणाऱ्यांतले बरेच जण खालून ऊब देत असतात, कुणी ऑनलाईन हीट मॅट (ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी चटई) मागवलेली असते, कुणी खोक्यात बल्ब लावलेला असतो, कुणी ट्रे फ्रिजच्या डोक्यावर चढवलेला असतो. म्हणजे उपाय माहीत आहे, केलेला पण आहे, तरी बी हातचं जातंय. हायब्रीड मिरचीच्या छोट्याशा पाकिटाची किंमत बघितली की खरंच जीव हळहळतो, आणि घरचं जपून ठेवलेलं भरिताच्या वांग्याचं बी असेल तर पैशांपेक्षा जास्त हळहळतो, कारण ते परत दुकानात मिळत नाही. म्हणून जरा सविस्तरच लिहितेय.

सगळ्यात आधी हे डोक्यात पक्कं करा, मॅट तापमान ठरवत नाही, मॅट तापमान फक्त वाढवते. बिनाथर्मोस्टॅटची, म्हणजे ठरवलेल्या आकड्यावर आपोआप चालू-बंद न होणारी, साधी हीट मॅट आजूबाजूच्या हवेपेक्षा साधारण ५ ते १० अंशांनी ट्रे गरम करते, बस. ही मॅट ज्या थंड देशांतून आली तिथं घरातली खोली दिवसरात्र १८-२० अंशांवर असते, त्यात ८-९ अंश वाढवले की २७-२८ झाले, बियाला अगदी जमून येतं. आपल्या खान्देशात थंडी तशी नसते ना. जानेवारीत पहाटे पारा १०-११ वर असतो, थंडीची लाट आली की त्याच्याही खूप खाली जातो, धुळ्याचा आकडा तर पेपरात पहिल्या पानावर येतो. आणि त्याच दिवशी दुपारी २८-२९. एका दिवसात १५-१८ अंशांचा फरक. आता हिशोब करा, पत्र्याच्या खोलीत किंवा पडवीत तीच मॅट रात्री ट्रेला २० च्या आत ठेवणार आणि दुपारी ३६-३७ वर नेणार. रात्री बी गारठलेलं, दुपारी भाजलेलं, आणि आपण म्हणतो ऊब तर चोवीस तास चालू होती.

बियाला किती लागतं ते पण सांगते. टोमॅटो २५ ते ३० अंशांत साधारण ६ दिवसांत वर येतो, २० ला ८ दिवस घेतो, १५ ला दोन आठवडे, आणि १० अंशांवर अडकला तर ४० दिवसांच्या वर. मिरची अजून हट्टी, २५ ते ३० ला ८-९ दिवस, २० ला १३, १५ ला जवळपास २५ दिवस आणि १० ला येतच नाही. वांग्याला ३० ला ५ दिवस पुरतात, २० ला १३ लागतात. टरबूज ३० ला ४ दिवसांत, २० ला १२ दिवस. काकडी २० ला पण आठवड्याच्या आत येते. आता कांदा बघा, १५ अंशांतसुद्धा आठवड्यात उगवतो, त्याला खालून ऊब द्यायचं काहीच कारण नाही. कोबी, फ्लॉवर, मेथी, पालक यांनाही नाही. पालक आणि लेट्यूस तर जास्त गरम झालं की उलट झोपून जातात. एकाच मॅटवर मिरचीचा ट्रे आणि शेजारी पालकाचा ट्रे ठेवून पालक का येत नाही विचारणारे भेटतात, तर पालक खाली उतरवा, सावलीत फरशीवर ठेवा, येईल.

यात एक दिलाशाची गोष्ट पण आहे. बियाणे तपासणीच्या आंतरराष्ट्रीय नियमांत मिरची, वांगं, टोमॅटो यांची उगवण २० आणि ३० अंश अशा आलटून पालटून तापमानात तपासतात, रात्री २० आणि दिवसा ३०. म्हणजे एकसारखं २८ धरून बसायची गरज नाही. दुपारचे ३० आपल्याला निसर्ग फुकट देतोय, आपलं काम फक्त रात्री २० च्या खाली जाऊ द्यायचं नाही, एवढंच आहे. हे एकदा पटलं की अर्धी डोकेदुखी संपते, कारण मग मॅट संध्याकाळी ६ ला लावायची आणि सकाळी ९ ला काढायची, दिवसा तिचं काम नाही.

मोजताय कुठं?

"खोलीत तर २२ आहे ताई, मग का येत नाही?" तर खोलीत २२ असेल, बियापाशी नाही. आपल्याकडची हिवाळ्यातली हवा कोरडी, ओठ फुटतात ती हवा. अशा हवेत ओलं कोकोपीट (ट्रेमध्ये मातीऐवजी भरतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा) उघडं ठेवलं की त्यातलं पाणी उडत राहतं आणि उडताना कोकोपीट गार करत राहतं. माठाचं पाणी गार का होतं, तेच कारण. त्यामुळे ओल्या ट्रेचं तापमान हवेपेक्षा ३-४ अंश सहज कमी भरतं. वर ट्रे शहाबादी फरशीवर किंवा टाईल्सवर ठेवलेला असतो, फरशी रात्रभर खालून ऊब ओढून घेते. वर सकाळी गच्चीवरच्या टाकीतलं बर्फासारखं पाणी झारीने घातलेलं असतं. तीन बाजूंनी गारवा आणि आपण भिंतीवरचं घड्याळवालं थर्मामीटर बघतोय.

तर पहिलं काम, दोनशे-अडीचशेपर्यंत मिळणारं प्रोबवालं डिजिटल थर्मामीटर घ्या, ज्याला वायरच्या टोकाला धातूची छोटी नळी असते ते. नळी ट्रेच्या मधल्या एका कप्प्यात बी जेवढ्या खोल आहे तेवढीच खोल घुसवा, अर्धा ते एक सेंटीमीटर. आणि आकडा दोन वेळा बघा, पहाटे उठल्या उठल्या आणि दुपारी ३ च्या सुमारास. हे दोन आकडे नसतील तर पुढचं सगळं अंदाजपंचे आहे. मला कुणी फोन केला तर मी पहिले हेच विचारते, पहाटे किती आणि दुपारी किती, आणि बहुतेक वेळा आकडा बघितल्यावर समोरच्याला स्वतःलाच कळतं.

बाष्पीभवन थांबवायला ट्रेवर पातळ प्लास्टिक कागद टाका, कोंब दिसेपर्यंतच. खाली थर्माकोलची शीट ठेवा, तिच्यावर मॅट, मॅटवर ट्रे. थर्माकोल नसेल तर जुन्या गोणपाटाच्या दोन-तीन घड्या पण चालतात. नुसत्या या दोन गोष्टींनी रात्रीचा आकडा चांगला वर सरकतो, मॅट तीच. आणि पाणी टाकीतलं घालायचं नाही. बोअर असेल तर सकाळी बोअरचं ताजं पाणी हाताला कोमट लागतं, तेच घ्या. नसेल तर रात्री बादली भरून घरात ठेवा किंवा थोडं गरम पाणी मिसळून कोमट करा.

कडेच्या कप्प्यांत काहीच नाही, मध्ये भरगच्च

मॅट मध्ये जास्त तापते, कडेला कमी, आणि कडेचे कप्पे बाजूने पण गार हवा खातात. ट्रे मॅटपेक्षा मोठा असेल तर बाहेर आलेल्या ओळींना ऊब मिळतच नाही. ट्रे रोज अर्धा फिरवा आणि बाजूने थर्माकोलच्या किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करा. रिकाम्या कप्प्यांवर लगेच दुसरं बी टाकू नका, ते गारठून बसलेलं असतं, मेलेलं असेलच असं नाही. एक कप्पा टूथपिकने हळूच उकरून बघा. बी टणक आणि फिकट पिवळं असेल तर जिवंत आहे, वाट बघा, ऊब वाढवा. दाबल्यावर आतून पांढरं पाणी आलं, वास आला, तपकिरी झालं असेल तर ते गेलं.

वरून ओलं दिसतंय, बी मात्र कोरडं

ही तक्रार मॅटवाल्यांचीच असते. ऊब खालून येते त्यामुळे कप्पा खालून सुकत वर येतो. वरच्या प्लास्टिकला आतून थेंब जमतात, ते परत वर पडतात, वरचा थर काळा ओला दिसतो, आपण खूश. कप्पा उपसून बघितला तर खालचा दोन तृतीयांश भाग भुसभुशीत, फिकट, कोरडा ठणठणीत. ९८ कप्प्यांच्या ट्रेमध्ये एका कप्प्यात माती असते ती केवढीशी, ती एका रात्रीत सुकते. बी एकदा फुगलं, कोंब हलला आणि मग कोरडं पडलं तर ते परत उठत नाही, एकदाच कोरडं पडलं तरी खलास. हे नीट लक्षात घ्या, कारण लोक म्हणतात "पाणी तर रोज घालतोय", रोज घालताय पण वरवर झारी मारताय.

याला उपाय म्हणजे खालून पाणी पाजणं. तगारीत किंवा मोठ्या परातीत बोटभर कोमट पाणी घ्या, ट्रे त्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवा, वरचा थर आपोआप ओला झाला की उचला, निथळू द्या, मग मॅटवर. ट्रे पाण्यातच ठेवून द्यायचा नाही. वजनावरून ओळखायची सवय लावा, निथळलेला ट्रे हातात किती जड लागतो आणि सुकलेला किती हलका, एकदा हाताला कळलं की आत बोट घालून बघायची पण गरज पडत नाही.

थर्मोस्टॅट लावला तरी भाजलं

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारी वायरची नळी, कुठं आहे ते बघा. बहुतेक वेळा प्रोब हवेत लोंबकळत असतो किंवा मॅटच्या शेजारी फरशीवर पडलेला असतो. त्याला गारच लागतंय, तो मॅटला सांगतोय अजून तापव, मॅट तापवत सुटते. पाणी घालताना ट्रे उचलला, प्रोब कप्प्यातून निसटला, आपण ट्रे परत ठेवला आणि प्रोब बाहेरच राहिला, असंही होतं. प्रोब कप्प्यात घालून वायर ट्रेला दोऱ्याने बांधून टाका. आकडा २८ ला लावा, टरबूज-खरबूज असेल तर ३०. ३५ च्या वर टोमॅटोची उगवण ढासळते आणि ४० ला काही येत नाही, त्यामुळे "जास्त ऊब म्हणजे लवकर उगवण" हे डोक्यातून काढा.

उगवलं आणि लगेच लांब झालं

याबाबतीत मी जरा कडक बोलते, कारण इथं सगळं आलेलं पीक हातून जातं. खालची ऊब ही उगवणीसाठी आहे, वाढीसाठी नाही. ट्रेमधल्या निम्म्या कप्प्यांत कोंबाची वाकडी मान दिसली की प्लास्टिक काढायचं, मॅट बंद करायची, ट्रे उजेडात न्यायचा, त्याच दिवशी, उद्या नाही. बाकीचे निम्मे येतील मागून, त्यांच्यासाठी थांबायचं नाही. शिरपूरकडची माझी एक जाऊ टरबुजाची रोपं घरात करते, ती सकाळी आणि संध्याकाळी दोन्ही वेळा झाकण उघडून बघते, कारण टरबूज उबेत आणि अंधारात एका रात्रीत दोन इंच ताणतं आणि ताणलेलं टरबुजाचं रोप शेतात नेईपर्यंत मोडतंच.

घरातली खिडकी म्हणजे उजेड नाही. आपल्याला प्रखर वाटतो पण रोपाला तो अपुरा. ट्यूबलाईट वापरत असाल तर रोपांच्या शेंड्यापासून तीन-चार इंचांवर पाहिजे, छतावरची चालत नाही. पण मला विचाराल तर खान्देशात हिवाळ्यात ऊन असताना ट्यूब कशाला लावायची, सकाळी ९ नंतर ट्रे ओट्यावर किंवा गच्चीवर काढा, पहिले दोन-तीन दिवस ५० टक्के शेडनेटखाली (निम्मं ऊन अडवणारी जाळी), मग सकाळचं कोवळं ऊन थेट, आणि दिवेलागणीच्या आत आत घ्या. दिवसा २१ ते २७ आणि रात्री १५ ते १८ मिळालं तर टोमॅटोचं रोप बुटकं आणि जाड होतं, तेच हवं आपल्याला.

इथं एक अपवाद आहे. लाट आली, पहाटे ८-९ अंश, आणि दोन पानांवरच्या टोमॅटोची पानं खालून जांभळी पडली, वाढ थांबली, तर ते खताची कमतरता समजून स्फुरद (फॉस्फरस) ओतू नका. मुळं गार पडली की कोकोपीटमध्ये स्फुरद असूनही रोपाला उचलता येत नाही. अशावेळी फक्त रात्री मॅट १८ च्या आसपास लावा, चार-पाच दिवसांत नवीन पान हिरवं येतं. मिरचीलाही रात्री १५ च्या खाली आवडत नाही, तिलाही हेच करा.

रोपांनी माना टाकल्या

काल उभी होती, आज आडवी, आणि मातीलगत देठ दोऱ्याएवढा बारीक, तपकिरी, पाणथळ. हा मर रोग, कोलमड म्हणतो आपण. पिथियम, रायझोक्टोनिया या मातीतल्या बुरशा हे करतात, आणि खालून ऊब, वर प्लास्टिक, आत चिखल, हवा बंद, हे चारही एकत्र मिळालं की त्यांची चंगळ. ऊब स्वतः वाईट नाही. उलट गारठ्यात बी तीन आठवडे मातीत कुजत पडलं तर बुरशीला जास्त वेळ मिळतो, चटकन उगवलेलं बी त्यातून सुटतं. वाईट आहे ती ऊब अधिक साचलेलं पाणी.

पडलेली रोपं आणि त्यांच्या भोवतीचे कप्पे सकट काढून टाका, बाहेर फेका, दुसऱ्या ट्रेच्या जवळ पण नाही. पाणी थांबवा, वरचा थर सुकू द्या, प्लास्टिक काढा, लांबून मंद पंखा लावा. आडवी पडलेली परत उठत नाहीत, त्यांच्यावर औषध मारत बसू नका. पुढच्या खेपेला बियाला ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी, पावडर मिळते) चोळून घ्या, किलोला ५ ते १० ग्रॅम हे शिफारसीचं प्रमाण, आपल्या चिमूटभर बियाला चिमटीतली चिमूट पुरते. पाकिटातलं बी आधीच लाल-निळं रंगवलेलं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं आहे, त्यावर परत काही लावू नका आणि हात धुवा. जुना ट्रे घरगुती ब्लीचच्या पाण्यात, एक भाग ब्लीच नऊ भाग पाणी, बुडवून काढा, स्वच्छ धुवा, उन्हात वाळवा. वापरलेलं कोकोपीट परत रोपांना नाही, ते झाडाच्या आळ्यात टाका. कोकोपीटची नवीन विट पण दोन-तीन पाण्यांनी धुऊनच घ्या, बऱ्याच विटांत मीठ असतं आणि मिठाने कोंबाची टोकं जळतात ती उष्णतेने जळल्यासारखीच दिसतात.

आणि बियाची टोपी पानांवर अडकून बसते, उघडतच नाही, हे मिरची-टरबुजात फार दिसतं. बी वरवर टाकलेलं असतं आणि हवा कोरडी. जोर लावून ओढू नका, पानं तुटतात. संध्याकाळी कोमट पाण्याचा फवारा मारा, टोपी मऊ पडते, सकाळी बहुतेक आपोआप गळते.

मॅट नाही, लाईटचा भरवसा नाही, मग

ही खरी आपल्याकडची अडचण. पहाटे ३ ला लाईट गेली, ६ ला आली, आणि तेवढ्यातच सगळ्यात जास्त गारठा. ट्रेखाली ऊब धरून ठेवणारं काहीतरी पाहिजे. माझ्या मते सगळ्यात भरवशाचं म्हणजे पाण्याचा टब. मोठा प्लास्टिक टब घ्या, त्यात अर्ध्यापर्यंत पाणी, माशांच्या टाकीत वापरतात तो हीटर पाण्यात आडवा, त्याचा आकडा २८-३० ला. कडेला विटा रचून वर जाळी, जाळीवर ट्रे, पाण्याला टेकणार नाही असा, आणि वरून सगळं प्लास्टिकने झाकून. पाणी सावकाश तापतं आणि सावकाशच गार होतं, दोन-तीन तास लाईट नसली तरी ट्रेला फारसं कळत नाही. वाफेमुळे कोकोपीट पण सुकत नाही. फक्त हीटर कायम पाण्यात बुडालेला पाहिजे, पाणी आटलं आणि काच उघडी पडली तर तडकते, आणि टबात हात घालायच्या आधी पिन काढायची म्हणजे काढायचीच.

बल्बचं खोकं पण चालतं. जुना तारेचा ४० किंवा ६० वॉटचा बल्बच हवा, एलईडी तापत नाही तेवढा, उजेड देतो आणि आपण फसतो. बल्बवर लोखंडी घमेलं उलटं घातलं की ऊब पसरते, नाहीतर बल्बच्या बरोबर वरचे दहा-बारा कप्पे भाजतात आणि बाकीचे गार. पुठ्ठा, थर्माकोल, गोणपाट यातलं काहीही बल्बच्या जवळ नको, आग लागते. फ्रिजच्या डोक्यावर ठेवायचं सोडून द्या, आताच्या बऱ्याच फ्रिजच्या नळ्या बाजूच्या पत्र्यात असतात, वर काही तापत नाही.

विजेशिवायचा रस्ता नर्सरीवाले वापरतात तो. बी टाकलेले, पाणी पाजून निथळवलेले ट्रे एकावर एक रचायचे, सगळ्यात वर एक रिकामा ट्रे, आणि पूर्ण थप्पी काळ्या पॉलिथीनने गुंडाळून त्यावर गोधडी. ओल उडत नाही म्हणून गारवा होत नाही, आणि दुपारची ऊब आत राहते. दिवसा थप्पी गरम खोलीत, थेट उन्हात नाही, काळं प्लास्टिक उन्हात आत ४५ च्या वर नेतं. तिसऱ्या दिवसापासून रोज उघडून बघायचं, टोमॅटो आणि टरबूज लवकर, मिरची-वांगं उशिरा. एका ट्रेमध्ये कोंब दिसला की तो लगेच बाहेर, एक रात्र जास्त राहिला की पांढरे दोरे तयार. बी आधी रात्रभर कोमट पाण्यात भिजवून, ओल्या सुती कापडात पुरचुंडी बांधून भुशात किंवा धान्याच्या कोठीत ठेवायची जुनी पद्धत टरबूज, दोडकं, कारलं यांना झकास आहे. टोक फुटलं की ट्रेमध्ये लावा, कोंब लांब व्हायची वाट बघू नका, लावताना मोडतो.

उकिरड्याची ऊब वापरायची असेल, म्हणजे ताजं शेण आणि कुट्टी खड्ड्यात दीड-दोन फूट दाबून वर ट्रे, तर घाई नको. सुरुवातीचे काही दिवस तो ५०-६० पर्यंत तापतो. लोखंडी सळई खुपसून ठेवा, काढून हातात धरवली पाहिजे, आणि आकडा ३५ च्या खाली आला की मग वर चार बोटं कोरडी माती आणि त्यावर ट्रे. वर गच्च झाकायचं नाही, ताज्या शेणातला अमोनिया आत कोंडला की कोवळी पानं जळतात.

सगळं बरोबर आहे, तरी येत नाही

मग बी बघा. पाकिटावर उगवणशक्ती आणि तारीख छापलेली असते. बियाण्याच्या सरकारी मानकात मिरचीला किमान ६० टक्के उगवण चालते, टोमॅटो आणि वांग्याला ७०, टरबूज-काकडीला ६०. म्हणजे मिरचीच्या १०० बियांतून ६० आली तर कायद्याने ते बी चांगलंच आहे, ४० कप्पे रिकामे राहिले म्हणून मॅटला दोष देऊन उपयोग नाही, एका कप्प्यात दोन बी टाका. कांद्याचं बी वर्ष उलटलं की भराभर कमजोर होतं. आणि जळगाव जिल्ह्यातल्या बामणोद-आसोद्याकडच्या भरिताच्या वांग्याचं घरचं बी असेल तर एक सांगते, पिवळं पिकलेल्या वांग्यातून काढून वाळवलेलं बी लगेच टाकलं तर ते काही आठवडे झोपलेलंच असतं, दीड-दोन महिने ठेवून मग टाका. शंका असली की वीस बिया ओल्या कापडात गुंडाळून गरम जागी ठेवा, दहा-बारा दिवसांत किती फुटल्या ते मोजा, आणि मगच अख्खा ट्रे भरा.

विजेचं शेवटी पण महत्त्वाचं. पाणी आणि करंट एकाच जागी आहेत. मॅट असो, टब असो, बल्ब असो, अर्थिंगवाला पॉइंट आणि घराला ईएलसीबी (करंट गळला की लाईट आपोआप तोडणारं बटण) असलेला बरा. वायर प्लगकडे जाताना मध्ये खाली लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी तिथंच टपकेल, बोर्डात जाणार नाही. कंबर शेकायचा कापडी पॅड ट्रेखाली अजिबात घालायचा नाही, तो पाण्यासाठी बनलेला नाही आणि बरेचसे पॅड थोड्या वेळाने आपोआप बंद पण होतात, म्हणजे धोका पण आणि फायदा पण नाही.

फेब्रुवारी सरत आला की मॅटचं काम संपतं. मे महिन्यात खरिपाच्या मिरचीची रोपं टाकाल तेव्हा अडचण बरोबर उलटी असते, बाहेर ४३-४४, तेव्हा ट्रे शेडनेटखाली, खाली ओली वाळू, आणि बी संध्याकाळी टाकायचं. तोपर्यंत मॅट पुसून, कोरडी करून सैल गुंडाळी करून ठेवा, घडी घातली की आतली तार घडीवर तुटते, आणि उंदीर पोचणार नाही अशा डब्यात ठेवा.